पेन्शनचा पर्याय आणि बाल्कांवावरचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारी, ३० नोव्हेंबर २०२५ ला, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची एनपीएसमधून (राष्ट्रीय पेन्शन योजना) यूपीएसमध्ये (एकीकृत पेन्शन योजना) जाण्याची मुदत संपली. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत फोंड्यातल्या माझ्या घराच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, माणसं येत होती. कुणाच्या हातात पे-स्लिप, कुणाच्या मोबाईलवर कुणीतरी पुढे ढकललेला फोटो, कुणाच्या हातात नुसताच कोरा फॉर्म. शेवटचा जो उठला तो चपला घालता घालता म्हणाला, "ताई, आता जाय तें जावं." काय व्हायचं ते होवो, असं म्हणून तो सही न करताच गेला. ठरवून गेला असता तर मला काही वाटलं नसतं. तो कंटाळून गेला, आणि म्हणून हे पत्र.

मी पणजीतल्या एका केंद्रीय कचेरीत अडतीस वर्षं नोकरी केली. १९८६ ला लागले, ३१ जुलै २०२४ ला निवृत्त झाले. शेवटची एकोणीस वर्षं पगार बिलाच्या टेबलावर होते. मला जुनी पेन्शन आहे. ही नवी योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ ला मंजूर केली, म्हणजे मी घरी बसल्याच्या चोविसाव्या दिवशी. वाटलं, सुटले. कसली सुटते! कदंबच्या शटल बसमध्ये जे रोज भेटायचे ते आता घरी येऊ लागले, एवढाच फरक.

कचेरीचं नाव लिहीत नाही, माझंही छापू नये. नोकरीत असलेले लोक वर्तणूक नियमांच्या धाकाने पेपरात लिहीत नाहीत. मला तो धाक राहिलेला नाही, पण ज्यांच्या गोष्टी सांगणार आहे ते माझ्या नावावरून ओळखले जातील.

आपल्या पेपरात पेन्शनवर जे येतं ते बहुतेक मोर्च्याच्या भाषेत असतं. जुनी पेन्शन मिळालीच पाहिजे, यूपीएस हे गाजर आहे, वगैरे. मागणीबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या पेन्शनवर स्वतः जगणारीने दुसऱ्याला ती मागू नकोस म्हणावं, हे शोभणारं नाही. पण मोर्चा संपल्यावर घरी जो फॉर्म टेबलावर पडून असतो, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. मुदत पहिल्यांदा ३० जूनपर्यंत होती, मग ३० सप्टेंबर झाली, मग ३० नोव्हेंबर. आठ महिने मिळाले. मुदत वाढवली, समजावून सांगणं वाढवलं नाही. आणि शेवटची तारीख रविवारी आली. आदल्या आठवड्यात इफ्फी चित्रपट महोत्सवामुळे पणजीत गाडी लावायला जागा नव्हती. ऑनलाईन करता येत होतं हे खरं, पण पासवर्ड विसरलेल्या माणसाला ऑनलाईन म्हणजे बंद दारच.

योजना काय आहे ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १ जानेवारी २००४ नंतर केंद्रात लागलेल्यांना, सैन्यदलं सोडून, एनपीएस आहे. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून जो पगार होतो त्याचे दहा टक्के कर्मचाऱ्याचे. सरकारचे आधी दहा होते, १ एप्रिल २०१९ पासून चौदा. निवृत्तीला जमलेल्या रकमेतले साठ टक्के हातात घेता येतात, निदान चाळीस टक्क्यांची अॅन्युइटी, म्हणजे त्या पैशांत विकत घेतलेली दरमहाची रक्कम, घ्यावी लागते. त्यातून जी मासिक रक्कम येते तिला महागाई भत्ता नाही. १ एप्रिल २०२५ पासून आलेल्या यूपीएसमध्ये शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मी पेन्शन हमखास. पण नोकरी पंचवीस वर्षं झाली असेल तर. कमी असेल तर त्या प्रमाणात, आणि दहा वर्षं पुरी असतील तर महिना १०,००० रुपयांच्या खाली नाही. वर महागाई भत्ता. पश्चात नवऱ्याला किंवा बायकोला साठ टक्के. निवृत्तीला एक ठोक रक्कमही मिळते: दर पूर्ण सहा महिन्यांमागे बेसिक अधिक महागाई भत्त्याच्या एक दशांश. हे सगळं ऐकायला गोड आहे. पण यूपीएस घेतलं की खात्यात साठलेले लाखो रुपये आपले राहत नाहीत, हे सांगताना लोकांचा आवाज बारीक होतो.

आता बाल्कांवावर या.

व्हडली दिवाळी (तुळशीचं लग्न) होऊन आठेक दिवस झाले असतील. आमच्याकडचा एक एमटीएस (शिपायासारखी कामं करणारा कर्मचारी) आला, बायको आणि मुलगा बरोबर. हा माणूस अकरा वर्षं रोजंदारीवर होता, २००८ मध्ये कायम झाला, तेव्हा वय बेचाळीस. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. म्हणजे हिशेबात धरायची नोकरी अठरा वर्षं. रोजंदारीची अकरा त्यात नाहीत, हे तो मला तीनदा म्हणाला, आणि तिन्ही वेळा मला 'होय' म्हणावं लागलं. बेसिक ३२,०००. एनपीएसच्या खात्यात पंचवीस लाखांच्या आसपास.

मी वही काढली. मधोमध रेघ मारली.

एका बाजूला एनपीएस. पंचवीसचे साठ टक्के, पंधरा लाख हातात. उरलेल्या दहा लाखांची अॅन्युइटी, सहा टक्के धरले तर महिना ५,०००. आज पाच, वीस वर्षांनी पाच. दुसऱ्या बाजूला यूपीएस. बत्तीसचे निम्मे सोळा. त्याला अठरा भागिले पंचवीस, म्हणजे ११,५२०. त्यावर तेव्हाच्या ५८ टक्के दराने महागाई भत्ता धरला तर १८,२०० च्या वर. ठोक रक्कम छत्तीस सहामाह्यांची, १,८२,००० आणि काही रुपये. पश्चात बायकोला ६,९१२ आणि त्यावर भत्ता.

मुलाने पंधरा लाखांवर बोट ठेवलं. घराच्या मागच्या खोल्यांवर स्लॅब घालायचा आहे, असं तो म्हणाला. बाप गप्प. ग्रॅच्युइटी दोन्हीकडे आहे, ती यात धरलेली नाही, असं मी सांगितलं तरी त्याचं बोट तिथेच. मुलाला मी दोष देत नाही. पंधरा लाख आमच्या भागात कुणी एकरकमी पाहिलेत?

मग मी बाईंना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तिघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की हा प्रश्न फॉर्मात नव्हता. आणि खरंच नव्हता. त्या बाई म्हार्दोळच्या बाजूच्या, देवळाकडे जायांच्या माळा विकतात. जायांचा हंगाम असतो तेव्हा चार पैसे येतात, नसतो तेव्हा आबोली, शेवंती, जे मिळेल ते. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "म्हाका दर म्हयन्याक जाय." मला दर महिन्याला पाहिजे. हंगामावर पोट असलेल्या बाईला ठोक आणि मासिक यांतला फरक मी काय शिकवणार? नवऱ्याने सही केली. यूपीएसमध्ये निवृत्तीच्या वेळी आपल्या खात्यातले साठ टक्क्यांपर्यंत काढता येतात, पण जेवढे काढाल तेवढ्या प्रमाणात पेन्शन घटते, हेही मी मुलाला सांगून ठेवलं. एक चतुर्थांश काढले तर ११,५२० चे ८,६४० होतील. नाहीतर स्लॅबचा विषय पुढच्या वर्षी पुन्हा निघाला असता.

त्याच्या प्रकरणात एक काटा निघाला. त्याचे सुरुवातीचे काही हप्ते पगारातून कापले गेले, पण प्रान खात्यात (एनपीएसच्या कायम क्रमांकाचं खातं) दिसत नाहीत. त्या वर्षांत हे अनेकांचं झालं. पगार बिलावर कपात दिसते, स्टेटमेंटमध्ये जमा नाही. एरवी माणूस म्हणतो, चार-पाच हजारांसाठी कोण भांडत बसणार. पण यूपीएसमध्ये तसं म्हणून चालत नाही. तुमचे सगळे हप्ते वेळेवर आणि ठरलेल्या साच्यात गुंतवले असते तर खातं किती झालं असतं, याचा एक आकडा ते काढतात. त्याला बेंचमार्क कॉर्पस म्हणतात. तुमचं खातं त्याहून कमी भरलं, तर एकतर फरक स्वतः भरायचा, नाहीतर पेन्शन त्या प्रमाणात कमी. पाच टक्के कमी भरलं तर ११,५२० चे १०,९४४. मधेच मुलीच्या लग्नाला म्हणून खात्यातून काढलेले पैसेही इथेच आडवे येतात. ते हप्ते शोधायला त्याला जुनी बिलं लागणार आहेत. ती बिलं कधीकाळी मीच केली, गठ्ठे बांधून मीच रेकॉर्ड रूममध्ये पाठवली. पावसात त्या खोलीला पाझर फुटतो. पुढचं तुम्ही समजा.

दुसरी गोष्ट उलट आहे, म्हणून सांगते. आमच्याच सेक्शनमधली एक बाय, सत्तेचाळीसची, २००५ मध्ये लागलेली. लग्न केलेलं नाही. घरी आई, आणि एक भाऊ, जो लहानपणापासून स्वतःचं स्वतः करू शकत नाही. कचेरीत सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, तुझी पंचवीस वर्षं सहज भरतात, तुला पूर्ण निम्मी पेन्शन, डोळे मिटून यूपीएस घे. ती फॉर्म भरूनच आली होती, ए-२, नीट निळ्या शाईत. फक्त "एकदा बघ" म्हणाली.

मी नियमातली एक ओळ तिच्यापुढे ठेवली. यूपीएसमधली कुटुंबाची रक्कम मिळते ती निवृत्तीच्या दिवशी कायद्याने जो जोडीदार असेल त्यालाच. आईला नाही. भावाला नाही. जुन्या पेन्शनमध्ये अवलंबून असलेल्या अपंग भावंडापर्यंत कुटुंब निवृत्तिवेतन पोचतं, ती वाट इथे नाही. म्हणजे निवृत्त होऊन वर्षभरात तिचं काही झालं, तर महिन्याची पेन्शन तिथेच थांबणार आणि खातं आधीच सरकारच्या पुंजीत गेलेलं. एनपीएसमध्ये राहिली तर साठ टक्के तिच्या हातात. उरलेल्याची अॅन्युइटी अशी घेता येते की तिच्यामागे अवलंबून असलेल्या आईला चालू राहील आणि शेवटी मूळ रक्कम वारसांना परत मिळेल. महागाई भत्ता नाही, बाजार वरखाली होईल, हे सगळं खरं. पण भावासाठी काहीतरी उरेल.

ती बराच वेळ काही बोलली नाही. पोरसातल्या माडाकडे बघत बसली. मग फॉर्म चार घड्या करून पर्समध्ये टाकला आणि विचारलं, "मग हे कुणीच कसं सांगितलं नाही?" मी काय उत्तर देणार? तिला सांगणारे सगळे लग्न झालेले होते. सरकारी संकेतस्थळावर यूपीएसचा कॅल्क्युलेटर आहे, तो मी वापरून पाहिला आहे, चांगला आहे. नोकरी किती, पगार किती, सगळं विचारतो. घरी कोण आहे, ते त्याला ठाऊक नसतं.

ती एनपीएसमध्येच राहिली. तिचा निर्णय बरोबर की चूक ते पुढची तेरा वर्षं ठरवतील. पण तो तिने घेतलेला आहे.

आता जे सांगणार आहे त्यात माझी स्वतःची चूक आहे, म्हणून इतका वेळ टाळलं.

२०२१ च्या मार्चअखेर केंद्राने एनपीएसच्या अंमलबजावणीचे सेवानियम काढले. त्यात एक फॉर्म आहे, फॉर्म १. नोकरीत असतानाच मृत्यू आला किंवा अपंगत्वामुळे नोकरी सुटली, तर कुटुंबाला जुन्या नियमांनुसार पेन्शन हवी की एनपीएस खात्यातली रक्कम हवी, ते आधीच लिहून द्यायचं. हा पर्याय निवृत्तीपर्यंत कितीही वेळा बदलता येतो. न दिल्यास काय, तेही लिहिलं आहे: पहिली पंधरा वर्षं जुने नियम, त्यानंतर एनपीएस. ज्यांची पंधरा आधीच भरली होती किंवा लवकरच भरणार होती, त्यांना नियम निघाल्यापासून तीन वर्षं जुन्याचं संरक्षण. ती तीन वर्षं २०२४ च्या मार्चमध्ये संपली.

हे सर्क्युलर आमच्या कचेरीत आलं तेव्हा मी काय केलं? तेच, जे अडतीस वर्षं प्रत्येक सर्क्युलरचं केलं. झेरॉक्स काढली, मागे नावांचा कागद टाचला, शिपायाच्या हाती देऊन सगळ्यांची आद्याक्षरं घेतली आणि फाईलला लावलं. 'सर्वांनी वाचले.' कुणी वाचलं नव्हतं. मीही अर्धंच.

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्या ड्रायव्हरचं हृदयविकाराने निधन झालं. त्रेचाळीस वर्षांचा. सर्व्हिस बुकात फॉर्म १ नव्हता. कचेरीने सवयीने एनपीएसच्या क्लेमचे कागद करायला घेतले. बायकोने सह्याही केल्या असत्या, तिला तेराव्याच्या आत काय कळणार होतं? माझ्या शेजारच्या टेबलावरचा एक तरुण, नुकताच बदलून आलेला, त्याने नियम उघडला आणि माझ्यापुढे धरला. फॉर्म नसल्यामुळेच ती वाचली, कारण फॉर्म नसला तर जुने नियम लागू होणार होते. तिला कुटुंब निवृत्तिवेतन लागलं, पहिली दहा वर्षं शेवटच्या पगाराच्या निम्मं, नंतर तीस टक्के. खात्यातला सरकारचा वाटा सरकारकडे परत गेला, नवऱ्याच्या कपातीतून साठलेलं तिला मिळालं.

त्या दिवशी दुपारी डबा न खाता मी कपाट उघडलं. एनपीएसवाल्यांची सव्वीस सर्व्हिस बुकं होती. फॉर्म १ किती जणांचा होता? चौघांचा. त्यातल्या एकाने दोन्ही चौकोनांत खूण केली होती. पुढच्या दोन आठवड्यांत मी एकेकाला टेबलापुढे बसवून भरून घेतला. पण माझी बाजू यात उजळ होत नाही. तो माणूस दोन वर्षं उशिरा गेला असता, तर त्याच कोऱ्या जागेमुळे त्याच्या बायकोला जुन्या नियमांची पेन्शन मिळाली नसती. कागद तोच, आद्याक्षरं तीच.

यूपीएस घेतलेल्यांनाही असाच पर्याय द्यायचा आहे. त्याचे नियम २ सप्टेंबर २०२५ ला निघाले. तुमच्या सर्व्हिस बुकात तो आहे का, हा प्रश्न मी बाल्कांवावर येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. आजवर एकालाही लगेच 'होय' म्हणता आलेलं नाही.

कागद सांभाळण्यावरून आठवलं, २०२३ मध्ये जुन्या पेन्शनची एक छोटी खिडकी उघडली होती. ज्यांची जागा २२ डिसेंबर २००३ पूर्वी जाहीर झाली होती, पण नोकरी १ जानेवारी २००४ नंतर लागली, त्यांना जुनी पेन्शन घेण्याची एकदाच संधी, ३१ ऑगस्ट २०२३ पर्यंत. आमच्याकडचा एकजण डिचोलीच्या घरी जाऊन ट्रंक उपसून जाहिरातीचं कात्रण घेऊन आला. झुरळांनी कड खाल्लेली, पण तारीख शाबूत. त्याचं काम झालं, एनपीएस खातं बंद होऊन जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) सुरू झालं. त्याच्याच शेजारी बसणारा, दोन महिन्यांनी लागलेला, पण दुसऱ्या जाहिरातीतून, तो राहिला. दोघं अजून एकाच डब्यातून जेवतात. पेन्शनवर बोलत नाहीत.

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांचंही दोन ओळींत लिहायला हवं, कारण माझी भाचीच मला सोडत नाही. गोवा सरकारकडे ५ ऑगस्ट २००५ नंतर लागलेले एनपीएसमध्ये आहेत. केंद्राची यूपीएस केंद्राच्या लोकांसाठी आहे, राज्यांनी ती घ्यायची की नाही ते राज्यांनी ठरवायचं. शेजारच्या महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने केंद्राच्या निर्णयाच्या दुसऱ्याच दिवशी, २५ ऑगस्ट २०२४ ला, होकार दिला होता. भाचीला माझं एवढंच सांगणं आहे, की मोर्च्याला जा, पण जाताना सगळ्या वर्षांची प्रान स्टेटमेंटं डाऊनलोड करून ठेव. उद्या काहीही आलं तरी ती लागणार आहेत.

मुदत संपली तरी सगळं संपलेलं नाही. नव्याने लागणाऱ्याला रुजू झाल्यापासून तीस दिवस असतात, आणि ते तीस दिवस नवीन कचेरी, नवीन भाडं, नवीन साहेब यांत जातात. यूपीएस घेतलेल्याला एकदाच एनपीएसकडे परत फिरता येतं, पण निवृत्तीच्या निदान एक वर्ष आधी. व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्यायची असेल तर तीन महिने आधी. एनपीएसमधून यूपीएसकडे मात्र आता वाट नाही. व्हीआरएसचं मनात असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. यूपीएसमध्ये पंचवीस वर्षांनंतर स्वेच्छेने बाहेर पडलात तरी पेन्शन सुरू होते ती, नोकरीत राहिला असता तर ज्या दिवशी निवृत्त झाला असता, त्या दिवसापासून. बावन्नाव्या वर्षी सोडली तर साठपर्यंतची आठ वर्षं काय खाणार? हे एका बढाईखोराला मी विचारलं, तेव्हा त्याने चहा अर्धाच ठेवला.

माझी मागणी मोठी नाही. गोव्यातल्या केंद्रीय कचेऱ्या काही हजार माणसांच्या नाहीत, बऱ्याच ठिकाणी वीस-पंचवीस जणच असतात. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्यांना आणि नव्याने लागलेल्यांना वर्षातून एका दुपारी बोलवावं, घरच्या माणसासह. पगार बिलाच्या टेबलावरून प्रत्येकाला एक कागद द्यावा, मधोमध रेघ मारलेला, दोन्ही बाजूंचे त्याचे स्वतःचे आकडे असलेला. तो काढायला मला वहीत वीस मिनिटं लागली, संगणकाला तेवढीही लागणार नाहीत. आणि सर्व्हिस बुक दरवर्षी तपासून सही घ्यायची असतेच, त्या वेळी फॉर्म १ आहे की नाही ते पाहून मगच सही घ्यावी. यासाठी दिल्लीहून आदेश यावा लागत नाही. टेबलावर बसलेल्या माणसाने मनात आणलं की होतं. मी एकोणीस वर्षांतली सतरा मनात आणलं नाही, हे वर लिहिलंच आहे.

तोवर माझ्याकडे येणाऱ्यांना आपल्या पेपरातून एक निरोप द्यावा. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असते, गुरुवारी सोडून, गुरुवारी भजन असतं. येताना पे-स्लिप, प्रानचं शेवटचं स्टेटमेंट आणि वाचायचा चष्मा आणा. आणि नवऱ्याला किंवा बायकोला बाहेर स्कूटरपाशी उभं करू नका, आत घेऊन या.

आपली,
एक निवृत्त केंद्रीय कर्मचारी, फोंडा
(नाव संपादकांकडे)